शेवटचा वाफा

बबन कुणाच्याही शेतातला शेवटचा वाफा काढत नसे. डिंगोऱ्यात आमची शेतं बांधाला बांध. कांदा काढणीला आमची सावड असे. आज माझ्या रानात तो, उद्या त्याच्या रानात मी. पण शेवटचा वाफा आला की हा गडी टॉवेल झटकून उभा! मी म्हणायचो, आळशी लेकाचा. वर तोंड कडू. माझा कांदा, माझी चाल, माझा इस्त्रीचा शर्ट, एक गोष्ट त्याला धड वाटली नाही. मला मित्र तर त्यानं चुकूनही म्हटलं नाही.

मित्र म्हणवणारे वेगळेच होते. वाढदिवसाला चौकात माझा फ्लेक्स लावायचे, गळ्यात हात टाकून फोटो काढायचे. "भावासाठी जीव हाजीर" हे त्यांचं पालुपद. एका उन्हाळ्यात मोटरसायकलवरून पडून माझा पाय मोडला. कांदा रानात, आभाळ भरून आलेलं, वर्षाची मेहनत भिजणार. ग्रुपवर कळवलं, तर जीव हाजीर करणाऱ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. थू तसल्या यारीवर.

बबन बायकोला, यमुनावहिनींना घेऊन आला. खाटेवर मला बघून म्हणाला, "फ्लेक्सवाले कुटं गेले, राव? फ्लेक्स तरी मागून घे, कांद्यावर झाकाया व्हईल." दोघांनी कंबर मोडेस्तोवर कांदा काढून साठवणीच्या बराखीत नेला. शेवटचा वाफा मात्र तसाच. मी चिडलो, तेवढ्यानं काय हात झडणार होते का म्हणालो.

"सगळं काढलं की सावड फिटली," तो म्हणाला. "आन फिटली की मानूस तोंड फिरवतंय. ऱ्हाऊ दे एक वाफा. उद्या याया निमित्त लागतं."

दुसऱ्या दिवशी आला, वाफा काढला, माझ्या चहालाही नावं ठेवून गेला.

यंदा काढणीच्या तोंडावर छातीत कळ आली आणि बबन गेला. त्याच फ्लेक्सवाल्यांनी चौकात श्रद्धांजली लावली, तीही नाव चुकवून. रानाकडे एक जण फिरकला नाही. मी लंगडत त्याचा कांदा काढत होतो, शेजारच्या वाफ्यात वहिनी. शेवटच्या वाफ्यात वाकलो, तशा त्या मान वर न करता म्हणाल्या, "तेवढा ऱ्हाऊ द्या, भाऊजी."

टॉवेल झटकून उभा राहिलो. गेला तरी माझा उद्याचा दिवस खाल्लाच लेकाच्यानं.