मावशीचे दात

कवळीवाल्याच्या घरात गाणाऱ्यांना नावाने ओळखायची पद्धत नव्हती. रेकॉर्डच्या पाकिटांवर नावं छापलेली असत, पण रोज घरात येणाऱ्या माणसाला कोणी पूर्ण नावाने हाक मारतं का? त्यामुळे भरड्या आवाजात अमेरिकेतली गावरान 'कंट्री' गाणी गाणारा होता, तो काका. जोडीने गाणाऱ्या दोघी बहिणी म्हणजे थोरली-धाकटी. सुटाबुटात पियानोवर बसून जाझच्या वळणाची सोपी गाणी गाणारा, तो भाऊजी. आणि कवळीवाल्याचा जिच्यावर सगळ्यात जास्त जीव, ती मावशी. "अहो, मावशीला जरा आराम द्या, सकाळपासून तिसऱ्यांदा गातेय बिचारी," असं त्याची बायको स्वयंपाकघरातून ओरडली की नवख्या पाहुण्याला वाटायचं, या लोकांनी मागच्या खोलीत कोणा म्हाताऱ्या बाईला कामाला जुंपलंय.

मागच्या खोलीत होता तो त्याचा कारखाना. कवळीवाला डॉक्टर नव्हता. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे, ते माप खोक्यातून याच्याकडे यायचं. हा त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, जबड्यावर मेण चढवून त्यात एकेक दात बसवायचा आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून तयार कवळी डॉक्टरांकडे धाडायचा. चाळीस वर्षांत त्याने निम्म्या शहराच्या तोंडात दात घातले होते, पण त्यातलं एकही तोंड पाहिलं नव्हतं. धंद्याचा रिवाजच तसा. पेशंट डॉक्टरांचा, जबडा कवळीवाल्याचा. रस्त्यात कोणी मोकळेपणी हसलं की तो बायकोला कोपराने ढोसायचा. "माझे असतील का गं?" ती म्हणायची, "असतील. पण तोंडात बोट घालून बघायला जाऊ नका."

खिडकीखाली टेबल, टेबलावर बर्नर, मेणाच्या पट्ट्या आणि मेण वळवायची बारीक सुरी. रेकॉर्डप्लेअर मात्र भिंतीवरच्या उंच फळीवर, कारण प्लास्टरची धूळ आणि रेकॉर्ड यांचं साप-मुंगसाचं वैर. कोणत्या कामाला कोणती रेकॉर्ड, हे ठरलेलं होतं. प्लास्टर कालवायचं ते काकाबरोबर. खांद्यावरचं पोतं नुकतंच खाली टाकून दम खात बसलेला माणूस जसा बोलेल, तसा काका गायचा. बंद पडलेली गाडी, निघून गेलेली बायको, आणि एक अख्खं गाणं तर नुसत्या कुत्र्यावर. मागे स्टील गिटार अशी लांबण लावायची की प्लास्टर कालवणारा हात आपोआप तिच्या चालीने फिरे. एका गाण्यात मध्येच काका बसल्या जागी सरकतो आणि त्याची खुर्ची करकरते. कवळीवाला त्या करकरीची वाट बघत हात थांबवायचा. चकाचक रेकॉर्डिंग करणाऱ्यांना ती चूक वाटली असती. याला वाटायचं, बरं झालं, माणूस खरंच बसला होता म्हणायचा.

खालचा जबडा फार छळतो, कवळी त्यावर धड बसत नाही, म्हणून तिथे एकाला दोन असाव्यात या हिशेबाने थोरली-धाकटी लागायच्या. थोरली सूर धरायची आणि धाकटी तिच्या मागून केसभर उशिरा यायची, प्रत्येक ओळीला. "सकाळी भांडण झालेलं दिसतंय," बायको म्हणायची. आणि हाताला घाई सुटली की भाऊजी. त्याचा ड्रमवाला ब्रशने असा वाजवायचा की शेजारचं अंगण कोणीतरी मऊ झाडूने सावकाश झाडतंय असं वाटावं. त्या लयीत घाई करणं म्हणजे पंगतीत सगळ्यांआधी हात धुवायला उठणं.

मावशी या सगळ्यांहून वेगळी, कारण ती याच शहरातली. तिच्या पाकिटावर मागे तसं छापलं होतं. तरुणपणी इथल्या हॉटेलांत गायची, आणि आयुष्यात तिची एवढी एकच रेकॉर्ड निघाली. पुढच्या चित्रात ती हनुवटीखाली हात घेऊन बसलेली, ओठ मिटलेले. आवाज खालचा, जवळचा. ओळीच्या शेवटी शब्द सोडताना थोडा श्वास मागे राहायचा आणि तेवढ्या श्वासात ऐकणाऱ्याला हवं ते भरता यायचं. या बाईचे आपल्यावर उपकार आहेत, असं कवळीवाला मनापासून मानत होता. लेक अडीच वर्षांची असताना बायको जिन्यावरून पडली आणि नऊ महिने दवाखान्यात पाठीवर पडून राहिली. ते नऊ महिने त्या घराने मावशीच्या जिवावर काढले. आभाराचं पत्र लिहायला तो दोनदा बसला होता. दोन्ही वेळा "आपली रेकॉर्ड फार छान आहे" याच्यापुढे गाडी सरकेना. पुढे वर्षं गेली, लेक लग्न होऊन आपल्या घरी गेली, आणि पत्र राहूनच गेलं.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून नेहमीसारखं खोकं आलं. आत वरचं-खालचं माप आणि चिठ्ठी. वय अठ्ठ्याहत्तर. दात सरळ आणि एकसारखे हवेत, अशी पेशंटची इच्छा. आणि वर नाव. कवळीवाल्याने ते नाव वाचलं, स्टुलावर चढून फळीवरची रेकॉर्ड काढली आणि पाकीट चिठ्ठीशेजारी धरलं.

"एका नावाची दहा माणसं असतात," बायको म्हणाली.

त्याने फोन लावला. "डॉक्टरीणबाई, या बाई गायच्या का हो?"

"ते काही विचारलं नाही मी. पण गुणगुणत असतात सारख्या. माप घेताना तोंडात मसाला होता, तरी नाकातून चालूच!"

कवळीवाल्याने बाकीची कामं बाजूला सारली. बारा दिवस तो त्या एका कवळीवर बसला. एकेक दात घासून, पुसून, उजेडाला धरून असा लावला की मोत्याच्या माळेने लाजावं. जे पत्रात जमलं नाही ते दातांत लिहितोय, अशा थाटात त्याने ती कवळी धाडली, आणि आठवडाभर घरात शीळ घालत फिरला.

तीन आठवड्यांनी कवळी परत आली.

"बसते छान, चावताही येतं, कुठे टोचत नाही," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "पण बाई म्हणतात, हा माझा आवाज नाही. दिवसभर गुणगुणणारी बाई, आता तोंड उघडत नाही. काल कवळी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, हे दुसऱ्याच कोणाचे तरी दात आहेत, मी पातळसातळ खाऊन राहीन."

कवळीवाल्याने फोन ठेवला. जिच्या आवाजावर आपलं घर तगलं, तिचाच आवाज आपण आपल्या हाताने बंद केला. दुसऱ्या दिवशी टाळूकडचा भाग जाड झाला असेल म्हणून त्याने तो उजेड दिसेपर्यंत घासून पातळ केला. दोन दिवसांत कवळी पुन्हा हजर. पातळ झाली, पण बाई गप्पच.

"जुना फोटो तरी मागा ना त्यांच्याकडे, हसतानाचा," त्याने डॉक्टरीणबाईंना विनवलं. उत्तर आलं की एकाही फोटोत दात दिसत नाहीत. दुपारी जेवताना तो चिडचिडला, "एक धड फोटो नाही म्हणे! मी काय हवेत बघून दात लावू?"

बायकोने भात वाढता वाढता त्याच्याकडे बघितलं. "अहो, पस्तीस वर्षं तुम्ही त्या बाईचं तोंड ऐकताय. आणि दात कसे होते, ते फोटोला विचारताय?"

तो उष्ट्या हाताने तसाच उठला. हात धुऊन मावशीची रेकॉर्ड लावली आणि या खेपेला गाणं ऐकलंच नाही, कवळीवाल्याच्या कानाने नुसतं तोंड ऐकलं. 'स' आला की मावशीच्या शब्दातून हवेची एक बारीक रेघ निसटत होती, शिट्टी म्हणवणार नाही इतकी बारीक. ती रेघ त्याला पाठ होती. पाठ काय, जिवाची होती. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की ती मावशीची अदा आहे. आता त्याने स्वतः दहा वेळा 'स' म्हणून पाहिला. कोरडा ठणठणीत. समोरच्या दोन दातांमध्ये जागा असल्याशिवाय हवा तशी निसटणार नाही, हे त्याच्या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. आणि आपण काय केलं, तर ती जागाच बुजवून मोत्याची माळ ओवली!

त्याने नवं मेण चढवलं, दात लावले, समोरच्या दोघांत फट सोडली. पण किती? नखभर, केसभर, हे जबडा सांगत नाही. तोंडच सांगतं. चाळीस वर्षांचा रिवाज मोडून कवळीवाला धुतलेला शर्ट घालून दवाखान्यात निघाला. दात मेणावर होते आणि मेण उन्हाने मऊ पडतं, म्हणून त्याने ते जेवणाच्या डब्यात ओल्या कापसावर ठेवले.

मावशी खुर्चीत बसली होती. अंगाने लहानखुरी, मांडीवर पर्स, बोलताना तोंडासमोर हात. कवळीवाल्याने नमस्कार केला, पण वाटेत जुळवलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ. डॉक्टरीणबाईंनी दात बसवले आणि मावशीला आकडे म्हणायला सांगितले. "सात, सतरा, सत्तावीस..." प्रत्येक 'स'ला कुकर झाल्यासारखी शिट्टी. मावशीचा चेहरा पडला.

"जास्त झाली, जास्त झाली," कवळीवाला पुटपुटला. दात बाहेर आले. त्याने डॉक्टरीणबाईंच्या बर्नरवर सुरी तापवली, मेण सैल केलं आणि एक दात केसभर दुसऱ्याच्या जवळ सरकवला. पुन्हा बसवले.

"चावू नका हं," तो म्हणाला. "आणि फार वेळ ठेवू नका. तोंडाच्या उबेने मेण सैल पडतं, दात हलले की सगळी मेहनत गेली."

"सात, सतरा..." मावशी म्हणाली आणि थांबली. जीभ पुढच्या दातांवर गेली, एका जागी अडली, तिथेच राहिली. तिने तोंडासमोरचा हात खाली घेतला.

"ही फट कोणी सांगितली तुम्हाला?"

कोणी उत्तर देण्याआधी तीच बोलू लागली. "शाळेत मुली चिडवायच्या. तेव्हापासून जन्मभर तोंड मिटून हसले. फोटोवाल्यांना सांगायचे, ओठ मिटलेलेच काढा. दात पडले तेव्हा म्हटलं, चला, निदान म्हातारपणी तरी सरळ दात मिळतील. सरळ दात हवेत हे मीच लिहायला लावलं होतं. मग तुम्हाला कुठे दिसली ही?"

"दिसली नाही," कवळीवाला म्हणाला. "ऐकू येते. रेकॉर्डवर."

"माझ्या रेकॉर्डवर?" हा थट्टा तर करत नाही ना, अशा नजरेने मावशीने त्याच्याकडे बघितलं. "ती कुणी घेतलीच नाही हो. दुकानांतून गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. मी गाणं सोडलं आणि टायपिस्टची नोकरी धरली."

आता मात्र कवळीवाल्याला राहवेना. "आम्ही घेतली," तो म्हणाला. "एक झिजली, मग जुन्या बाजारातून शोधून दुसरी आणली. बायको नऊ महिने दवाखान्यात होती. लेक लहान, आईशिवाय झोपायची नाही. संध्याकाळी तुमची रेकॉर्ड लावायचो. पहिल्या गाण्याला रडायची, दुसऱ्याला ऐकायची, तिसऱ्याला झोपायची. रोज. एक दिवस चुकला नाही. मला कधीपासून तुमचे आभार मानायचे होते, पण मला लिहिता येत नाही, आणि दात लावले तर तेही चुकले."

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. मावशी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करू लागली.

"तिसऱ्यालाच झोपायची?"

"हो."

"म्हणजे चौथं तिने कधी ऐकलंच नाही."

"नाही," कवळीवाला म्हणाला. "चौथ्याला मी रडून घ्यायचो. चौथं माझं होतं."

मावशीने पर्स बाजूला ठेवली, खुर्चीत सरळ बसली आणि चौथं गाणं सुरू केलं. आवाज म्हातारा झाला होता, वरच्या सुराला पोचता पोचता दमत होता, पण पहिला 'स' आला आणि हवेची ती बारीक रेघ जशीच्या तशी निसटली. बाहेर बाकावर बसलेले पेशंट बोलायचे थांबले. दुसरं कडवं संपून तिसरं लागलं, तरी मावशी थांबेना.

डॉक्टरीणबाई घाबऱ्याघुबऱ्या त्याच्या कानाशी लागल्या, "अहो, मेण सैल होतंय, दात हलतील! थांबवू का?"

"हलू द्या," कवळीवाला डोळे पुसत म्हणाला. "मी परत लावीन."