कंप्रेसरवर वाजलेली पावरी

टाळ्या वाजल्या.

माझी आई फरशीवर गुडघे टेकून घुमत होती. केसांची गाठ सुटलेली. पदर कुठच्या कुठे गेलेला. तोंडाला फेस. आणि त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातात ग्लास असला की टाळी नीट वाजत नाही, म्हणून काहींनी ग्लास खाली ठेवले आणि मग वाजवल्या.

नाशिकच्या गंगापूर रोडवरची गॅलरी होती ती, चित्रं-शिल्पं मांडतात तसली. पांढऱ्या भिंती, पांढरे दिवे. तेव्हा कॅमेऱ्याचे मोबाईल नवे नवे आले होते. ते सगळे माझ्या आईवर रोखलेले. एक बाई दुसरीला म्हणाली, "किती ऑथेंटिक आहे ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती अजून उतरलेली नाही आणि उतरवायची इच्छाही नाही.

आमचा पाडा सुरगाण्याकडचा. आम्ही कोकणा आदिवासी. बा पावरी वाजवायचा. पावरी म्हणजे भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला शिंग. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव बसला की रात्रंदिवस ती वाजते. तिच्या सुरावर माणसांच्या अंगात वारं येतं. आईच्या अंगात लग्नाआधीपासून यायचं. ज्याच्या तोंडी पावरी, त्याच्या हाती ते माणूस असतं. चढवायचं त्यानं आणि उतरवायचंही त्यानंच. सूर हळूहळू खाली आणायचा, श्वास बारीक करत जायचा, मग माणूस शांत होतं. मधेच सूर तोडला तर ते माणूस अधांतरी राहतं. जीभ चावतं, डोकं आपटतं. आमच्या पाड्यावर एक म्हातारा असाच गेला होता, म्हणून हे पोराटोरांनाही ठाऊक.

गॅलरीत ज्याचा कार्यक्रम होता, तो कलाकार त्या वर्षी पावसाळ्यानंतर पाड्यावर आला. दाढीवाला, परदेशात शिकलेला, बोलायला गोड. सगळे त्याला सर म्हणत. आमच्या ओट्यावर बसून त्यानं नागलीची भाकर खाल्ली. बा त्याच्यावर विरघळला. आमच्या घरचं खाल्लेल्या शहरातल्या माणसावर आम्ही नेहमीच विरघळतो, ही आमची खोड.

"काका," तो बाला म्हणाला, "तुमची पावरी सगळं नाशिक ऐकेल. मार्गशीर्षाच्या आत परत आणून देतो. कार्यक्रमाला तुम्ही सगळे यायचं."

बानं पावरी दिली. त्याच्या बापानं त्याला दिलेली होती ती. सगळं नाशिक पावरी ऐकणार म्हणजे ती बाच वाजवणार, हे बानं धरूनच चाललं. दुसरं कोण वाजवणार? वाजवणाऱ्याशिवाय पावरी ऐकवता येते, हे आमच्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं.

म्हणून बानं पाळणूक धरली. पावरी तोंडाला लावायची तर उपास धरायचा, जमिनीवर निजायचं, पायात काही घालायचं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तो उपाशी, अनवाणी एसटीत बसला. आईनंही धरली. मी नाशकातच अंबडला कारखान्यात पॅकिंगला होते. सुट्टी टाकून स्टँडवर त्यांना घ्यायला गेले. बाचं धोतर पांढरं शुभ्र होतं. तोंड सुकलं होतं, पण डोळ्यांत तेज. मला त्याचा अभिमान वाटला. हे मी मुद्दाम सांगते.

गॅलरीच्या दारात वॉचमननं अडवलं. "चपला कुठंयत? असं आत नाय सोडत. फरशी खराब होते."

मी म्हटलं, "आम्हाला बोलावलंय. ही पावरी ह्यांची आहे."

तो हसला. त्यानं पाय पुसायला फडकं फेकलं. बानं वाकून पाय पुसले, मग आईनं. उपाशीपोटी, देवाच्या पाळणुकीतल्या माणसांनी वॉचमनसमोर पाय पुसले. मी ते फडकं उचलून वॉचमनला परत दिलं.

आत गेलो तर पावरी तारांनी छताला टांगलेली. शिंग कापून टाकलं होतं, तिथं स्टीलचा कर्णा. भोपळ्याला ड्रिलनं भोक पाडून रबरी नळी खुपसलेली. ती नळी काळ्या पडद्याआडच्या हवेच्या कंप्रेसरला जोडलेली. बांबूची अर्धी भोकं चिकटपट्टीनं बुजवलेली. आणि ती वाजत होती. श्वास न घेता. चारी भिंतींवरच्या स्पीकरांतून एकच सूर, लांबच लांब, कुठं थांबणं नाही, कुठं उतरणं नाही.

बा पावरीच्या खाली जाऊन उभा राहिला.

आणि माझ्या शेजारी आई थरथरायला लागली.

मी तिला धरलं. तिनं मला झटकलं. ती खोलीच्या मधोमध गेली, घुमायला लागली. लोकांनी गोल केला. कुणी तिला हात दिला नाही. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. आणि सरांना खरं काय ते कळत होतं. पाड्यावर त्यानं सगळं विचारून घेतलं होतं.

बा त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "साहेब, आवाज उतरवा. हळूहळू उतरवा. तिला तरास व्हतोय."

"दहा मिनिटं थांबा. शूटिंग चालू आहे."

"ती मरंल, साहेब."

"ए बाबा, बाजूला हो. फ्रेममध्ये येतोयस."

ओट्यावरचा काका इथं ए बाबा झाला.

आईचं डोकं फरशीवर आपटलं. एकदा. परत. रक्त आलं. तेव्हा टाळ्या वाजल्या.

मी पडद्याकडं धावले. बा ओरडला, "एकदम नको करू बंद. ती मधीच ऱ्हाईल."

पडद्यामागं कंप्रेसर. वर हवेचा नॉब. नळ बारीक करावा तसा तो फिरवायचा. मी हात ठेवला. सरांनी मागून मनगट धरलं. "हात लावू नकोस. तुला कळतं का काय आहे हे?"

मी त्याच्या हाताचा चावा घेतला. दातांत मांस आलं, रक्ताची खारट चव आली तरी सोडला नाही. तो किंचाळला. वॉचमननं माझे केस धरून ओढलं, पाठीत दांडकं घातलं. मी कोपर मागं मारलं, त्याच्या नाकावर बसलं. त्यानं परत मारलं. कानावर, खांद्यावर. पण माझा उजवा हात नॉबवर होता. तो हात मी हलू दिला नाही. अंगाला मार बसत होता आणि बोटं हळू, अगदी हळू फिरत होती. पडद्याच्या फटीतून बा मला हातानं सांगत होता, थांब, आता थोडं, आता थोडं. बाकीचं अंग मी त्यांना मारायला दिलं आणि तो एक हात आईला दिला.

सूर खाली आला. आईचं घुमणं मंदावलं. सूर बारीक झाला. ती बसली. सूर संपला, तेव्हा तिनं डोळे उघडले आणि आधी पदर शोधला.

बानं तिला पाणी पाजलं. मग उठून त्यानं तारा तोडल्या, पावरी खाली घेतली. कापलेल्या शिंगाच्या जागी बोट फिरवलं. माझ्यापुढं धरली.

"मोड ही."

"बा..."

"मोड म्हणतो ना. ह्यांच्या हाती ऱ्हायला नको."

मी पायाखाली घेतली. भोपळा फुटला. नळ्या चिरडल्या. सर हात धरून ओरडत होता, "ते माझं काम आहे. दोन महिन्यांचं काम आहे ते." कुणीतरी पोलिसांना फोन लावला. आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं.

चौकीत फौजदार म्हणाला, "पोरी, ते तक्रार मागं घेतायत. फक्त सॉरी म्हण, आणि विषय संपव."

समोर सर बसला होता, हाताला पट्टी. बाजूच्या बाकावर आई, डोक्याला फडकं बांधलेलं. तिच्या डोक्याची तक्रार कुणी लिहून घेतली नव्हती. बा माझ्याकडं बघत होता. आयुष्यभर हात जोडलेला माणूस. त्यानं मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

"नाय म्हणणार," मी म्हटलं.

"अगं, चावलीयस तू त्यांना."

"चावले. परत चावेन."

केस चालली. अंबडची नोकरी गेली. आई त्यानंतर डोंगऱ्या देवाच्या उत्सवात लांब बसते, पावरी सुरू झाली की कान झाकून घेते. तिच्या देवाचा सूरच त्यांनी तिच्याकडून काढून घेतला. याची भरपाई होत नाही. मला ती नकोही आहे.

आता मी पाड्यावरच असते. अजूनही गाड्या येतात, गोड बोलणारी माणसं उतरतात, ओट्यावर बसू बघतात. मी त्यांना भाकर देत नाही. उभ्यानं विचारते, काय न्यायला आलात. त्या दिवशी नॉब हळू फिरवला तो आईसाठी, तिच्या जिवासाठी. पुन्हा आमच्यातल्या कुणाचं अंग कुणी तमाशाला मांडलं, तर आधी माझं माणूस सोडवीन. मग त्यांच्याकडं वळेन, आणि तेव्हा काहीही हळू करणार नाही.