शांतीचे बूट

हेल्मेट काउंटरवर ठेवायचं, त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि विचारायचं, "हे झालं कंपनीचं. दुसरं घातलं का?"

नागापूरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये ज्यांनी कधी हातमोजे किंवा गॉगल घेतला असेल, त्यांना हा प्रश्न चुकलेला नाही. नवा माणूस गोंधळायचा. पाथर्डीकडचा एकजण तर "दुसरं कोनत्या रॅकला हाय?" म्हणून काउंटरवरून वाकून बघायला लागला होता. आम्ही जुने मात्र "घातलं, मामा" म्हणून सटकायचो. स्टोअर सांभाळणारे हे मामा आमच्याच चर्चचे, आमच्याच गल्लीतले. त्यामुळे सोमवार ते शनिवार ते मला कारखान्यात भेटायचे आणि रविवारी देवाच्या घरी. सुटका अशी नव्हतीच.

त्यांचं सगळं आयुष्य एका युद्धात चाललं होतं आणि शत्रू एकच होता. दूध नासलं, सैतान. बस चुकली, सैतान. एकदा कॉम्प्रेसर बंद पडला तेव्हा मामांनी त्यावर हात ठेवून अशा आवाजात हुकूम सोडला, की पलीकडच्या शेडमधली माणसं काम टाकून आली. मागच्या बाजूला इलेक्ट्रिशियननं तेवढ्यात फ्यूज बसवला आणि कॉम्प्रेसर धडधडायला लागला. "गेला बघ," मामा म्हणाले. इलेक्ट्रिशियनला त्यांनी स्वतःच्या पैशानं चहा पाजला, पण श्रेय काही दिलं नाही.

तसे ते अडाणी भाविक नव्हते. स्कूटर चालू होत नसली की आधी सैतानाला धमकावायचे, मग प्लग काढून घासायचे. मी हसलो तर म्हणाले, "हसतो कशाला? प्रार्थना बी पायजे, पॉलिश पेपर बी पायजे."

शास्त्रात विश्वासणाऱ्याची शस्त्रसामग्री सांगितली आहे, ती त्यांना स्टोअरच्या मालासारखी पाठ होती. कमरेला सत्याचा पट्टा, छातीला नीतिमत्त्वाचं चिलखत, हातात विश्वासाची ढाल, डोक्यावर तारणाचं हेल्मेट आणि पायात शांतीचे बूट. हे शेवटचं त्यांनी अगदी मनावर घेतलं होतं. कंपनीचे, चवड्यावर लोखंडी टोपण असलेले काळे सेफ्टी शूज पॉलिश करून ते चर्चला घालून यायचे आणि दाराबाहेर चपलांच्या ढिगात ते बूट हवालदारासारखे उभे असायचे.

"मामा, पाठीला काय नाही का त्यात?" मी एकदा विचारलं.

"पाठीला काय न्हाई," ते म्हणाले. "पळून जानाऱ्याला स्टोअरातून माल मिळत नसतो."

आता मंडळी, तुम्ही आमच्या चर्चमध्ये असता तर तुमच्याही एक गोष्ट ध्यानात आली असती. मामा पेटी वाजवायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ तबला. दोघं हातभर अंतरावर बसायचे आणि एकमेकांशी बोलत नव्हते. गाणं कोणतं, हे मामा भावाला सांगायचे नाहीत. थेट सूर धरायचे आणि तबला मागून धावत यायचा. भावाचा तबला जुळतोय असं दिसलं की मामा लय वाढवायचे. त्या काळात आमची भजनं निम्म्या वेळात संपायची. पाळकसाहेबांना उपदेश लांबवायला वेळ मिळायचा आणि ते तो वाया घालवत नसत.

भांडण कोंबड्यावरून होतं. पिकं निघाली की आमच्याकडे हार्वेस्टचा सण असतो. ज्याच्या घरी जे असेल ते तो देवापुढे आणून ठेवतो, बाजरी, भोपळे, अंडी, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका वर्षी या दोघांच्या आईनं आपला लाडका तांबडा कोंबडा दिला. आईचा कोंबडा बाहेर जायला नको म्हणून थोरल्यानं बोली लावली, आणि त्याच कारणासाठी धाकट्यानंही लावली. मोठा बोलतोय तर लहानानं थांबावं, असं मामांचं म्हणणं. धाकटा थांबला नाही. कोंबडा त्याच्या घरी गेला. संध्याकाळी त्यानं रश्श्याचा डबा थोरल्याकडे पाठवला आणि मामांनी तो न उघडता परत धाडला.

"सैतान शिरलाय त्याच्यात," मामा सांगायचे. आई गेली, तिच्या मातीला दोघं दोन बाजूंना उभे राहिले, तरी सैतान काही धाकट्यातून निघेना.

यात मामांची खरी अडचण वेगळीच होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भावाशी वैर असेल तर आधी समेट करायचा आणि मगच भाकर-द्राक्षारसाला हात लावायचा, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मामांना तर जास्तच ठाऊक. म्हणून मेज मांडायला घेतलं की ते भाता बंद करायचे आणि स्कूटर बघून येतो म्हणून बाहेर जायचे, ते परत यायचे नाहीत. बुटांच्या लेस बांधत बसलं तर कुणीतरी गाठेल, म्हणून त्या रविवारी ते चपला घालून यायचे. ज्या माणसाला देवाच्या मेजाची सगळ्यांत जास्त भूक, तोच उपाशी घरी जायचा. मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

एकदा स्टोअरमध्ये ते नव्या कामगाराला समजावत होते, "पाठीला काय न्हाई, कळलं का?" माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "मग मामा, दर पहिल्या रविवारी आपण पाठ दाखवतो ती कुणाला?"

मामा हातमोज्यांचे जोड लावत राहिले. मग म्हणाले, "तुझ्यात बी शिरला." त्यानंतर मला हेल्मेट मिळालं, पण टकटक झाली नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी मी उशिरा पोचलो, आणि दाराबाहेर चपलांच्या ढिगात ते काळे बूट उभे होते.

मेज मांडलं. मामांनी भाता बंद केला आणि ते उठले. सवयीनं आम्ही पाय आवळून त्यांना वाट दिली. ते दाराकडे गेले नाहीत. भावासमोर गेले, मोठ्या कष्टानं मांडी घालून बसले आणि दबक्या आवाजात बोलले. पण मामांचा दबका आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू आला.

"त्या दिवशी डब्यात कोंबड्याचा पाय घातल्ता का रे?"

धाकट्यानं तबल्यावरून हात उचलला. "दोन्ही घातल्ते, दादा."

मामा रडायला लागले. भर चर्चमध्ये, नाक ओढत. पाळकसाहेब भाकर हातात धरून थांबून राहिले. "लई हुशार हाय तो सैतान," मामा भावाला म्हणाले. "मी दारं लावून बसलो, आन् हा माझ्याच घरात पाय पसरून बसल्ता." त्या दिवशी दोघांनी एका ताटातली भाकर घेतली. पुढचं गाणं मामांनी भावाला विचारून लावलं आणि इतकं सावकाश वाजवलं, की उपदेश आखडता घ्यावा लागला.

मामा यंदा गेले. झोपेत गेले, कुणालाही न धमकावता. शवपेटीत ठेवताना सुनेनं नवे बूट आणले होते. धाकटा म्हणाला, "ते नगं. कंपनीचेच घाला." मग तो स्वतः खाली बसला आणि पॉलिश केलेले ते काळे बूट त्यानं भावाच्या पायात चढवले. लेसला एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, ओढून बघितली.

"आता बाहेर जायचं न्हाई, दादा," तो म्हणाला आणि तबल्याकडे गेला.