कुठून कुठं विचारणारे आप्पा

संगणकाची कोणतीही कळ दाबण्याआधी आप्पा पडद्याकडे बोट करून मोठ्यानं विचारायचे, "कुठून कुठं?" खोलीत दुसरं कुणी नसलं तरी विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. नव्या माणसाला वाटे, हे आधी एसटीत कंडक्टर असावेत.

आप्पा आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागाचे प्रमुख. घर धारूरचं, किराणा दुकानाचं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. परदेशी यंत्रं देशात येऊ लागली होती, तेव्हा कारखान्यानंही हौसेनं माहिती साठवणाऱ्या डिस्कची दोन मोठी कपाटं घेतली. एक कारखान्यात, दुसरं बीडच्या कचेरीत. इकडे केलेली प्रत्येक नोंद टेलिफोनच्या लाइनवरून लगेच तिकडे उमटायची. कुणी ऊस कधी लावला, त्याच्या त्या नोंदी. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. "हे सॉफ्टवेअर लई इमानदार हाय," आप्पा म्हणत. "चुकीचं दिलं तर तेबी तितक्याच इमानानं पोचवतं."

महिन्यातून एकदा ते लाइन मुद्दाम तोडत आणि सगळं काम बीडच्या कपाटावर चालवून बघत. व्यवस्थापक कुरकुरले की म्हणत, "स्टेपनी हाय म्हणून भागतंय व्हय? हवा हाय का, ते बघाया नगं?"

एका पावसाळ्यात वीज पडून कारखान्यातलं कपाट बंद पडलं. दोन दिवस बीडच्या कपाटानं निभावलं. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली. आता बीडची ताजी माहिती कारखान्याकडे आणायची होती. आप्पा जेवायला गेलेले. मी त्यांच्या हाताखालची, मला कर्तबगारी दाखवायची घाई. 'कुठून कुठं?' न विचारताच मी रोजच्या सवयीनं कारखान्याकडून बीडकडे अशी दिशा दिली. शिळी माहिती ताज्या माहितीवर चढली आणि दोन दिवसांच्या नोंदी दोन्हीकडून गेल्या. टेपवरची प्रतही त्याआधीची.

आप्पा परतले तेव्हा मी रडत होते. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेबांना चिठ्ठी लिहा. आन् मंग जीप सांगा. ज्यांचं गेलं, त्यांना आपुन सांगाया पायजे."

"तुम्ही कशाला येता, आप्पा? चूक माझी आहे."

"तुमाला एकटं ठिवून जेवाया गेलतो ना मी."

त्या दोन दिवसांतल्या नोंदी बहुतेक चकलांबा गावाकडच्या होत्या. आप्पांनी कागदी पावत्या बंद होऊ दिल्या नव्हत्या, म्हणून घरोघरी जाऊन त्या पुन्हा उतरवून घेता आल्या. एका मावशींकडे मात्र पावती नव्हती. नातवानं चुलीत घातली होती.

"तुमी कावून आलात एवढ्या लांब?" त्यांनी विचारलं.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मीच बोलले, "मावशी, तुमची नोंद माझ्या हातून पुसली गेली."

त्या म्हणाल्या, "ऊस नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी लावलाय. खोटं न्हाई बोलत."

आप्पांनी एक शब्दही न विचारता तारीख लिहिली. मावशी म्हणाल्या, "मंग च्या पिऊन जावा." इतका गोड चहा मी पुन्हा प्याले नाही.

पुढे कारखान्यानं हे काम बाहेरच्या कंपनीला दिलं आणि विभाग बंद झाला. आप्पा धारूरला भावाच्या दुकानात बसू लागले. मला पुण्यात मोठ्या संगणक केंद्रात नोकरी लागली, तेव्हा सांगायला गेले. शेंगदाण्याची पुडी बांधता बांधता त्यांनी पगार विचारला नाही. विचारलं ते हे : "तितं चुकल्यावर सांगता येतं का?"

"तिथं आधी कोण चुकलं ते शोधतात, आप्पा."

"मंग आदी आपलं आपुन सांगायचं. दुसऱ्याला धीर येतो."

त्यानंतर आमची भेट झाली नाही. पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं.

काही वर्षांनी माझ्या हाताखाली दहा-बारा माणसं आली. पहिल्याच बैठकीच्या आदल्या दिवशी केंद्राचं काम बंद पडलं होतं; कुणामुळे, ते कळलं नव्हतं. बैठकीत मी त्यांना चकलांब्याची हकीकत सांगितली, काही न वगळता. कुणी हसलं नाही. मग मागच्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहिला. माझ्याहून वयानं मोठा, कामात मुरलेला.

"मॅडम," तो म्हणाला, "काल जे बंद पडलं ना, ते माझ्याकडून झालं."