चाकोरीतून कुणी उतरायचं

आमच्या गावाहून गोरेगावच्या बाजाराला जाणारी गाडीवाट एवढी अरुंद की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीला बाजूला उतरावंच लागे. काळ्या मातीत चाकोऱ्या चांगल्या खोल. कायदा एकच, आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक: भरलेली गाडी चाकोरी सोडत नाही, रिकामी उतरते. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, उभ्या जन्मात भरली गाडी कधी उतरवली नव्हती. माणूसच भलता ताठ.

माझा धाकटा भाऊ नव्वदच्या दशकात बारावीला आपटला आणि कुणाच्या तरी ओळखीनं थेट समुद्रावर गेला. आमच्या हिंगोलीकडचा माणूस, आणि बोटीवर! विहिरीत उतरायला घाबरायचा मेला. पण काही वर्षांत तो मालवाहू बोटीचं सुकाणू धरायला लागला.

एकदा हळदीच्या दिवसांत सुट्टीवर आला, तेव्हा आबांच्या दोन चपला अंगणात मांडून त्यानं आम्हाला समुद्रावरचे नियम दाखवले.

"बघ अक्का, समोरासमोर आल्या तर दोघींनीबी आपापल्या उजवीकडं वळायचं. आडव्या आल्या, तर ज्याला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसली त्यानं वाट सोडायची. दुसऱ्यानं सरळ चालायचं. उगं मधीच वळायचं न्हाई, न्हाईतर घोळ होतो."

"म्हंजे आपल्या चाकोरीवानीच की!" आबा खूश झाले. "भरली सरळ जाईल, रिकामी उतरंल."

"न्हाई हो आबा. तिथं भरली-रिकामी कोणी पाहत न्हाई."

"काहून न्हाई? भरल्यावाल्यानं काहून उतरावं? तू हटू नको लेकरा. माल घेऊन चाललास की आपली वाट सोडायची न्हाई."

"बरं आबा, न्हाई हटणार," भाऊ हसत म्हणाला. आबांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

पुढच्याच हिवाळ्यात त्याच्या बोटीला दुसरी बोट धडकली. बाकीचे वाचले. भाऊ सापडलासुद्धा नाही.

त्याची पिशवी घेऊन बोटीवरचा एक सोबती घरी आला. बिचारा चहाला हात न लावता बोलत होता. "चूक दुसऱ्या बोटीची. ती आडवी, आपल्या डाव्या हातानं आली, वाट तिनं सोडायला पाहिजे होती. आपला माणूस बरोबर होता, नियमानं सरळ चालला होता. शेवटी त्यानंही वळवायला पाहिलं, पण बोट जड, लवकर वळेना."

"जड म्हंजे?" आबांनी विचारलं. "भरेल होती?"

"हो. सिमेंटनं."

आबा उठून गोठ्यात गेले. मी मागून गेले, म्हटलं, "आबा, त्याला नियम ठाऊक होता. तुमच्या सांगण्यानं काही झालं न्हाई."

"एवढं मोठं पाणी," ते बैलाकडं बघत म्हणाले. "बाजूला व्हायला जागा नव्हती का, बाई?"

त्या समुद्राचा मला असा संताप आला होता की शेणाची पाटी उचलून मी तरातरा उकिरड्याकडं गेले.

हळद निघाली. ती थांबते थोडीच कुणासाठी? गाडीत पोती भरून आम्ही दोघं गोरेगावला निघालो. अवकाळी पाऊस होऊन गेला होता, वावरं चिखलानं भरलेली. वाटेत समोरून गावातलाच एकजण रिकामी गाडी घेऊन आला. आम्हाला बघून त्यानं रीतीप्रमाणं बैल खाली वळवायला घेतले, तेवढ्यात आबांनीच कासरा ओढला आणि आमची गाडी वावरात घातली.

"आबा, हे काय करून राहिले? तुमची भरेल हाय, मी उतरतो ना!"

"तू जा," आबा म्हणाले. "तू सरळ जा बाबा."

चाक पार रुतलं, गाडी कलंडली, दोन पोती चिखलात पडली. तो माणूस गाडी सोडून धावत आला. आबांनी पोत्यांकडं पाहिलंही नाही. चिखलात उभे राहून, बैलाच्या पाठीवर हात ठेवून ते हमसून रडायला लागले.

"भरली असली तरी उतर, एवढंच सांगायचं होतं गं त्याला मी," ते म्हणाले.