येऊ का, पाव्हनं?

चावी स्वतःच्या कमरेला, तरी हा माणूस दारावर टकटक करून विचारायचा, "येऊ का, पाव्हनं?" आतून होकार आल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही.

नगरच्या आमच्या दवाखान्यात मागच्या अंगाला मनोरुग्णांच्या खोल्या होत्या. मी तिथे नर्स, ते वॉर्डबॉय. मिशा पिकल्या तरी हुद्दा बॉयचाच, म्हणून आम्ही आपले मामा म्हणायचो. एकदा आतला पेशंट "नका येऊ" म्हणाला, तर मामा दुधाचा पेला घेऊन बाहेरच बसून राहिले. दूध गार झालं, मी वैतागले.

"सिस्टर, चावी माझी असंल, पर खोली त्याची हाय," म्हणाले.

दवाखान्याबाहेर सांगताना मात्र मामा डोळ्यांच्या वॉर्डात असायचे. वेड्यांत राहणाराही वेडा होतो, अशी लोकांची पक्की समजूत. तुम्हीही ती ऐकली असेल. मामांना एकुलती एक मुलगी, आणि खरं कळलं असतं तर तिला कुणी पत्करलं नसतं. आम्ही तरी कुठे धीट होतो? घरी-शेजारी सगळेच काहीबाही सांगायचो.

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावकडचं स्थळ आलं. सुपारी फोडायला मलाही बोलावणं होतं आणि अर्थात मीही डोळ्यांचीच सिस्टर. बिनदुधाचा चहा झाल्यावर मुलाच्या आजोबांनी मामांपुढे डोळा केला. मामांनी पापणी खाली ओढून गंभीरपणे पाहिलं.

"मोतीबिंदू हाय. पर पिकायचाय अजून."

मला हसू आवरेना. तेवढ्यात उघड्या दारावर टकटक झाली.

"येऊ का, पाव्हनं?"

दारात देवळाली प्रवराचा शिंपी उभा होता, आमच्याकडून बरा होऊन गेलेला. हातात स्वतः शिवलेली पांढरी टोपी, चेहरा नुसता फुललेला. "मामा, वळखलं का? तुमच्याच वार्डात हुतो की."

सगळे मामांकडे बघू लागले. मामांच्या कपाळावर घाम आला.

"न्हाई वळखलं. घर चुकलं तुमचं."

 तो टोपी उंबऱ्यावर ठेवून निघून गेला.

"कोण हो?" आजोबांनी विचारलं.

"असंल कुनी येडं," मामा म्हणाले, आणि सुपारी फुटली. मी मान खाली घालून चहाच्या कपात बघत राहिले.

लग्न नीट पार पडलं, पण मामांची मान काही वर येईना. शेवटी सुट्टी काढून, ती टोपी घालून ते देवळालीला गेले. परतल्यावर मी विचारलं, "भेटला का?"

"भेटला. दुकानात गिऱ्हाइकं हुती. दारात उभं राहून म्हनलं, येऊ का, पाव्हनं. त्यानं टोपीकडं बघितलं. मग म्हनला, न्हाई वळखलं."

"रागावला असेल."

"राग न्हाई, सिस्टर. भ्याला हुता. त्याला लाज ठावं नव्हती. मीच शिकीवली."

नंतरही मामा दार वाजवायचे, पण 'येऊ का, पाव्हनं' हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आले नाहीत. आतून होकार येईपर्यंत नुसते उभे राहायचे.

नोकरी संपली त्या दिवशी त्यांनी चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि सवयीने एक दार वाजवलं. आतून आवाज आला, "या की, पाव्हनं."

मामा आत गेले नाहीत. डोक्यावरची ती शिंप्याची टोपी काढून हातात घेतली आणि खालमानेने फाटकाबाहेर पडले.