आबांच्या घड्याळाची खूण

आबांचं घड्याळ काळं करायचं माझ्या मेव्हण्याच्या मनात आलं, तेव्हा त्यानं ते आधी मला सांगितलं. बायकोला सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं.

आबा म्हणजे माझे सासरे. गुळाचे व्यापारी. आयुष्यभर साधं धोतर, साधी चप्पल, आणि मनगटावर मात्र स्वित्झर्लंडचं स्टीलचं घड्याळ. चैन म्हणून तेवढी एकच. ते गेल्यावर घड्याळ मुलाकडं आलं. पण उचगावला त्याच्या घरी दिवसभर माणसांची ये-जा, म्हणून त्यानं ते आमच्या कपाटात ठेवायला दिलं. घड्याळ त्याचं, कपाट आमचं आणि किल्ली बायकोकडं, अशी वाटणी होती.

मेव्हण्यानं मोबाइलवर कसले तरी व्हिडिओ पाहिले होते.

“दाजी, आता भारी घड्याळं काळी करून घालत्यात. चमक न्हाय, काय न्हाय. बघणाऱ्याला कळतच न्हाय किती महाग हाय ते.”

“मग महाग घालायचं कशाला?”

“आपल्याला कळतंय की.”

या माणसानं जीपच्या चारही बाजूंना सोनेरी अक्षरांत आडनाव लिहून घेतलंय. त्याला एकाएकी साधेपणाची ओढ लागली, हे पाहून मला बरं वाटलं.

तो माझ्याकडं आला त्याला कारण होतं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. आमची ड्रिलं आणि कटर कोटिंगला जिथं जातात, तिथं काळा थरही देतात. हा रंग नव्हे. बंद टाकीतली हवा काढून घेतात आणि त्या पोकळीत धातूवर कार्बनचा थर बसवतात. कडकपणात हिऱ्याच्या नात्यातला. नखानं निघत नाही, घामानं जात नाही. जाडी म्हणाल तर साधारण तीन मायक्रॉन.

हे सगळं मी जेवताना बायकोला सांगितलं. तिनं भाकरी मोडायची थांबवली.

“आबांच्या घड्याळाचं तोंड काळं करणार व्हय तुम्ही दोघं?”

“तोंडाला हात लावत नाही. तबकडी आहे तशीच राहणार. फक्त केस काळी होणार आणि पट्टा. बाहेरच्या डबीला घड्याळजी केस म्हणतात.”

“आणि तो थर किती म्हणालासा?”

“तीन मायक्रॉन. डोक्यावरचा एक केस साठ धर. त्याचा विसावा भाग.”

“म्हणजे केसाला केसापेक्षा बारीक काळं लावायचं. मग टाकी कशाला पाहिजे? कलप लावा म्हणावं त्याला. स्वतःच्या डोक्याला लावतोय तोच.”

रविवारी मेव्हणा आला तेव्हा तिनं कपाट उघडलं. घड्याळ हातात घेऊन, सवयीप्रमाणं त्याच्या कडेवरून अंगठा फिरवून, मग त्याच्या हातात दिलं.

“ने. तुझं हाय. पण आबांची खूण जाता कामा न्हाय.”

“आक्का, खुणेला कोण हात लावू देतंय?”

दोघांचं समाधान झालं. आमच्या खात्यात ड्रॉइंगवर नुसता शब्द असला आणि शेजारी माप नसलं, तर प्रत्येक जण आपापल्या मनातला नग बनवतो. इथंही तेच झालं होतं.

घड्याळजीनं आतलं यंत्र काढून घेतलं आणि रिकामी केस, मागचं झाकण आणि पट्टा आमच्या हवाली केला. कोटिंगवाल्यानं केस भिंगाखाली धरली.

“हा थर काही झाकत नाही बरं का. खाली ओरखडा असेल तर वर काळा ओरखडा दिसणार. आधी पॉलिश करून घ्यायचं, की आहे तसं?”

“चकाचक करा,” मेव्हणा म्हणाला. “फक्त मागं आबांचं नाव कोरलंय, तेवढं जपा. आबांची खूण हाय ती.”

मी केस हातात घेतली. चावी द्यायची गुंडी बसते त्या भोकाच्या जरा खाली, कडेला, एक खोलगट खड्डा होता. बायकोचा अंगठा नेहमी या कडेवरून फिरतो. घड्याळाची मागची बाजू तिनं कधी उलटून पाहिल्याचं मला आठवेना. मी तिथूनच तिला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

“खूण म्हणजे नक्की कुठली?”

“कुठली म्हणजे? कडंचा खड्डा. गुंडीखालचा.”

“आणि मागचं नाव गं, आक्का?” मेव्हण्यानं विचारलं.

“नाव तर दुकानाच्या पाटीवर पण हाय. ते घेऊन काय करू?”

मग तिनं सांगितलं. लहान असताना ती गोदामातल्या मोठ्या काट्याच्या पारड्यात जाऊन बसली आणि उतरेना. बाहेर गुळाच्या ढेपा तोलायच्या खोळंबल्या. आबांनी तिला उचललं, तेव्हा त्यांचा घड्याळाचा हात काट्याच्या लोखंडी आकड्यावर आपटला.

“मला वाटलं, आता मार बसतोय. आबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ‘हे बघ, तुझं वजन घड्याळावर नोंदवलं.’”

“मला कधी सांगितलं न्हाईस.”

“तू झाला नव्हतास. आणि झाल्यावर घरात तुझंच कौतुक. माझं कोण ऐकतंय?”

मेव्हणा खड्ड्यावर बोट ठेवून उभा राहिला. मग कोटिंगवाल्याला म्हणाला, “पॉलिश नको. हाय तसंच करा.”

“बाकीचे ओरखडेही दिसतील.”

“दिसू देत. आबांचेच हायत.”

फोन अजून चालू होता. “आणि त्या काळ्यानं खड्डा बुजला म्हणजे?”

कोटिंगवाल्याकडून खोली मोजायचं डेप्थ गेज घेऊन मी मापलं. “खड्डा दोनशे मायक्रॉनच्या आसपास आहे. थर तीनचा. बुजणार नाही.”

“तुमचे आकडे तुमच्यापाशी. माझ्या नखाला सापडला तर खरं.”

काम होऊन घड्याळजीनं सगळं पुन्हा जोडून दिलं, तेव्हा घड्याळ पाटीसारखं काळं दिसत होतं. मी ते खड्ड्याच्या बाजूनं दोनदा पाहिलं आणि घरी जाताना वाटेत पुन्हा एकदा.

बायकोनं घड्याळाकडं पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले, कडेवर नख ठेवलं आणि सरकवलं. नख सरळ पुढं गेलं. परत मागं आणलं. काही नाही. मेव्हण्याचा चेहरा घड्याळाहून काळा पडला.

“उलटं धरलंस,” मी म्हटलं आणि घड्याळ फिरवून दिलं. एरवी गुंडीची चमक बघून ती बरोबर धरायची. आज तिनं बघितलंच नव्हतं.

तिनं पुन्हा नख सरकवलं. गुंडीखाली ते अडकलं. तिनं ते तिथंच जरा वेळ ठेवलं.

“सापडला,” ती म्हणाली आणि डोळे उघडून घड्याळ भावाच्या मनगटावर स्वतः बांधलं.

मेव्हण्याला तेवढंच पुरलं. “म्हणजे काळं आवडलं की, आक्का.”

“आवडलं कुठं म्हटलं मी? सापडला म्हटलं.”